चढावर विचारलेला प्रश्न

माझ्या सीटखालच्या पिशवीत
दोन पाने, एक पंप, सोल्युशनची अर्धी ट्यूब,
सँडपेपरचा तुकडा
आणि जुन्या ट्यूबमधून कापलेली ठिगळं.
फालोंबेपासून मुलांजेपर्यंत
असा एक काटा नाही ज्याची माझी तयारी नाही.

पाळक म्बेवेंनी ती पिशवी पाहिली.
म्हणाले, फायसन, उत्तरही असंच जवळ बाळग.
कुणी ना कुणी विचारेलच,
तेव्हा घरी राहिलं म्हणू नकोस.
मग सहा गुरुवार, शाळेच्या व्हरांड्यात,
मी पाठ केलं: आधी पाप, मग प्रीती,
मग जरा थांबायचं, मग क्रूस.
शेवटी हसून विचारायचं, काही शंका?
एस्नातपुढे सराव केला. ती शेंगा सोलत होती.
म्हणाली, शंका नाही.
पण तू बोलतोयस कुणाशी?

सायकल-टॅक्सीचं असं आहे,
गिऱ्हाईक पाठीमागे बसतं.
तोंड दिसत नाही, फक्त वजन कळतं.
घाईतला माणूस पुढे कलतो.
प्यालेला एकाच बाजूला, आणि गातो.
त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी जी बसली
ती हलकी असायला हवी होती.
मांडीवर चितेंजे, बाळ पाठीशी बांधायचं कापड,
चार पदरी घडी घातलेलं.
मी काही विचारलं नाही.
सवयीनं शीळ घालत निघालो.

चहाच्या मळ्यापाशी चढ लागला
आणि तिनं नेमकं तिथंच तोंड उघडलं.
"तू नदीकाठचा ना?
पुरात तुझं घर गेलं. भाऊ गेला.
मग शीळ कशाची घालतोस?"

सहा गुरुवार.
आणि मी म्हणालो, आधी...
मग पायडल. मग श्वास.
प्रभूनं...
मग पायडल.
छाती भात्यासारखी, आणि वाक्य कुठंच पोचेना.
ती उतरली.
मला वाटलं, रागावली.
तर ती मागून सायकल ढकलायला लागली.
गिऱ्हाइकानं ढकललेली सायकल
मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

माथ्यावर दोघं दगडावर टेकलो.
पाठ केलेलं सगळं खाली, चढाच्या मुळाशी राहिलं होतं.
जे होतं ते सांगितलं.
मावुतोला तीन दिवस चिखलात शोधला.
चौथ्या दिवशी सापडला, तो त्याच्या शर्टावरून.
मंडळीत आम्ही शेजारी उभे राहायचो,
खालचा जड सूर त्याचा.
त्याच्या खड्ड्याशी सगळे गायले,
आणि त्या सुराच्या जागी भोक होतं.
माझा विश्वास आहे, बाई,
की त्याच्याआधी एकजण मातीत उतरला
आणि मातीला तो पचला नाही.
म्हणून मावुतोही येईल.
तोवर मी त्याचा सूर शिळेवर चालू ठेवतो.
बसमध्ये रुमाल टाकून
जागा धरतात ना, तशी.

काही शंका, हे विचारायचं राहूनच गेलं.

ती कापडाची घडी उलगडत होती, परत घालत होती.
खूप वेळानं म्हणाली,
"माझा दोनच दिवसांचा होता.
नीट रडलाही नाही.
त्याची जागा कुठल्या सुरात धरायची?"

ह्या काट्याचं ठिगळ
माझ्या पिशवीत नव्हतं.
ठाऊक नाही, म्हणालो.
उतारावर दोन्ही ब्रेक दाबून,
अंड्यांची टोपली असावी तशी तिला नेली.
दाराशी तिनं नाव सांगितलं, एनेलेसी.
पैसे मी नको म्हणालो, तिनं दिले.

गुरुवारी पाळकांना विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुसतच राहिले.

मी अजून त्याच रस्त्यावर असतो.
शीळही तीच.
फक्त मळ्याच्या चढावर, माथा यायच्या आधी,
एक श्वास मोकळा सोडतो, काही न वाजवता.
तेवढी जागा.
मागे बसलेल्यांपैकी एखादा विचारतो,
मध्येच का थांबलास?