केर

राजारामपुरी, बहुतेक आठवी गल्ली.
दुकानाच्या काचेवर अजून गेल्या दिवाळीची ऑफर.
नलिनीचं मनगट पट्ट्यात.
डॉक्टर म्हणाले, झाडू बंद, निदान तीन महिने;
ती म्हणाली, मग घर काय तुम्ही झाडणार?
म्हणून आलो.

तौसिफ मुजावर नावाचा पोरगा
सतरंजीच्या तुकड्यावर मूठभर रवा सांडतो.
"बघा आता, काका."
आणि रवा पारदर्शक डब्यात गरगरतो,
बाटलीत कोंडलेली वावटळ.

वायर नाही. वजन सव्वा किलो.
नलिनी आधी डाव्या हातात धरते,
दुधाची पिशवी धरावी तसं, मग उजव्या,
आणि तोंड वाकडं करत नाही, म्हणजे चालेल.
दुसरं जड, पण चाळीस मिनिटं चालतं.
तिसरं स्वस्त; बॅटरी गेली की सगळंच गेलं.
"हे पहिलं वीस मिनिटं," तौसिफ म्हणतो,
"फुल्ल जोर लावला तर नऊ."
खरं बोलला. मला पोरगा आवडला.

ती विचारते, सोफ्याच्या फटीत जातं का,
फिल्टर धुता येतो का,
दुपारी लावलं तर खालच्या कुलकर्णीणबाई वर येतील का.
मी विचारतो,
आत गेलेलं नीट परत काढता येतं का?
"बटन दाबायचं, काका. डायरेक्ट कचऱ्याच्या डब्यात."
तसं नव्हे रे.
कागदावर. सगळं. कणही न सांडता.

तो माझ्याकडे बघतो.
नलिनी छताकडे.

गुजरीत आमचं दुकान, सहा बाय नऊ.
संध्याकाळचा केर दादा कुणाला काढू द्यायचे नाहीत.
स्वतः गुडघ्यांवर, आखूड केसांच्या कुंचल्यानं,
उंबऱ्याकडून आत, कोपऱ्याकडे.
"भाईर झाडतो त्यो सोनार न्हवं."
हात धुतलेलं पाणी मडक्यात.
बसायचं पोतं वर्षातनं एकदा जाळायचं, राख ठेवायची.
आम्ही पोरं निघताना दारातच तळवे झटकायचो,
आधी डावा, मग उजवा, भिंतीला धरून.
मग झारेकरी यायचा,
केराची गोणी नुसती उचलून भाव सांगायचा,
दादा दुप्पट सांगायचे,
चहा येईपर्यंत दोघं धुळीवरून भांडायचे,
जणू ती दोघांनाही
आधीच धुऊन आटवून दिसत होती.

मी बँकेत लागलो.
दादा गेल्यावर गाळा मोबाईलच्या कव्हरवाल्याला दिला,
आणि किल्ली देताना
फरशी झाडली नाही.
झारेकऱ्याचा मुलगा पुढं कधीतरी रिक्षा स्टॉपवर भेटला.
म्हणाला, "सांगायचं तरी, साहेब.
फरश्या उचलून नेल्या असत्या."

सव्वा किलोवालं घेतलं.
चार हजार तीनशे; वरचे नव्व्याण्णव तौसिफनं सोडले.

रात्री नलिनीनं दिवाणाखाली फिरवलं,
नऊची नऊ मिनिटं, फुल्ल जोर लावून,
लाल दिवा लागून ते गप्प होईपर्यंत.
मी डबा उघडला, कालच्या पेपरवर उपडा केला.
तिचे केस. माझेही, आखूड, पांढरे.
शेंगदाण्याची सालं, गुलाबी रांगोळी,
इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठीचा कोपरा,
आणि कशाचे तरी करडे मऊ गोळे,
ज्यांना घरात कुणी नाव ठेवलेलं नाही.
मी पेपर ट्यूबलाइटखाली तिरका धरला.
थोडा असा. थोडा तसा.

"काय घावलं का?"
ती म्हणाली, कागलच्या तिच्या जुन्या बोलीत,
मनगट चोळत.

काही नाही.

"मग टाका की."

टाकतो, म्हटलं,
आणि पेपरची घडी घातली
चारी बाजू आत दुमडून,
पुडीची घालतात तशी.