सन सल्लास अशर

दौलतगंजात, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी
शफाअत जिल्दसाजाचं दुकान:
एक फळी, एक दाबयंत्र
आणि गव्हाच्या खळीचं पातेलं, कसर लागू नये म्हणून
चिमूटभर मोरचूद घातलेलं.

मी वीज मंडळातून निवृत्त.
सदतीस वर्षं मीटरचे आकडे उतरवले,
आता मोडी शिकते. सराफ्यातल्या घारपुऱ्यांनी
खापरपणज्याचा एक कागद दिला:
"यात आमची जमीन आहे का, तेवढं बघा."
कागद घडीवर फाटलेला. म्हणून आधी इथे.

तो मागून अस्तर लावत होता,
मी पुढून वाचत होते, अक्षर अक्षर सोडवत.
वर तारीख. पण तारखेत आकडाच नाही.
"सल्लास… अशर… मयातैन… व अलफ."
वाटलं, माझंच मोडी कच्चं,
ही गावांची नावं असतील, नाहीतर घोड्यांची.
पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

त्याचा कुंचला थांबला.
"तीन," तो म्हणाला. "दहा. दोनशे. हजार."
बोटं पेरापेरावर चालत होती,
मदरशातल्या पोराची.
"ताई, ये तो हमारी गिनती है."

बाराशे तेरा. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे:
अठराशे बारा.
लष्कर तेव्हा खरंच लष्कर होतं, तंबूंचं.
आणि हे वर्ष सुरू व्हायचं मृगाला;
सूर्य मृगात शिरला की पेरणी, नवी वही,
नाव मात्र अरबी.
कुणी शेंडीवाला कारकून मांडी घालून बसला असेल,
वर "श्री" काढून खाली
वाळवंट ओलांडून आलेले आकडे लिहीत,
एकदाही न अडखळता.
हे परकं आहे असं त्याला
कुणी सांगितलंच नसेल.

पुढचा मजकूर: दौत एक. कलमा बारा. कागद दोन दस्ते.
हिशेब, बाकी, नक्कल, मुक्काम.
शफाअत एकेका शब्दाला मान डोलवत होता,
गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तशी.
पळी, वात, शेंदूर त्याला अडले.
ते मी सांगितले.

कागदाचं त्यानं उस्तादांकडून ऐकलेलं:
चीनहून समरकंद, समरकंदहून बगदाद.
तिथे म्हणे कागदवाल्यांचा अख्खा बाजार होता,
आणि माणसं रात्र रात्र जागून
दुसऱ्यांच्या भाषांतली पुस्तकं उतरवून घ्यायची,
ताऱ्यांची, औषधांची, हिंदच्या गणिताची.
वर्राक म्हणत त्यांना.
गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःलाही तेच म्हणवून घेतो.

"तुमच्या मोजणीत शून्य कुठाय?" मी विचारलं.
"सिफर? वो तो आपका था."
खळीनं माखलेलं बोट किल्ल्याकडे गेलं,
जिथे देवळाच्या भिंतीवर, वाटाण्याएवढं,
दोनशे सत्तरमधलं शून्य कोरलंय:
बागेची लांबी, हातांत. आणि रोजचे हार, पन्नास.
ते इथूनच निघालं असं मी म्हणणार नाही.
निघालं कुठून तरी,
तिकडे त्याला नाव मिळालं,
नावासकट जहाजात चढलं.
आणि मी ते सदतीस वर्षं
बंद घरांच्या बिलांवर काढत होते.

घारपुऱ्यांचा फोन. "जमीन?"
नाही. शाईचा आणि तेलाचा खर्च आहे.
"मग काय उपयोग?"
तारीख लागली, म्हटलं.
त्यांनी फोन ठेवला.

शफाअतनं कागद दाबात घातला,
चाक एक फेर आवळलं, मग अर्धा सैल केलं.
किती झाले?
त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "मयातैन."
मी दोनशे मोजून दिले.