पसंतीक्रम

सुमेध, फॉर्म उघडाच ठेव, मी हात धुऊन येते.
ग्रीसचा वास जात नाही, तुला सवय आहे.
पहिल्या रकान्यात तू लिहिलंयस रोबोटिक्स,
दुसऱ्यात मेकॅनिकल, पुढचे सात रिकामे,
आणि मला विचारतोयस, जणू मला ठाऊक आहे
चार वर्षांनी चाकणमध्ये कुणाला बोलावतील.

मला ठाऊक आहे ते एवढंच:
गिअरच्या दातांमध्ये थोडी फट ठेवावी लागते.
अगदी चपखल बसवलीस तर चाकं एकमेकांना धरून बसतात,
तापतात, ओरडतात.
पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नाही.
तेव्हा फक्त कानस होती, लोखंडाचा एक तुकडा,
आणि गुंजकर सर, काटकोन्या खिडकीकडे धरून म्हणायचे,
"उजेड दिसतोय गं खालून. पुन्हा घास."
तीन आठवडे घासला. तळहाताला फोड.
वर्गात आम्ही चार मुली, पाचवी सिव्हिलला गेली.

तुझ्या रोबोचंही सांगते.
आमच्या लाइनवर सहा सांध्यांचा एक आहे, पिवळा.
शिफ्ट सुरू होताना त्याला आधी घरी पाठवतात.
घर म्हणजे एक बिंदू, सगळे कोन शून्य,
तिथून त्याला जग मोजता येतं.
आपण मोजतो ते लांडेवाडीतल्या या खोलीपासून,
पहाटे साडेपाचच्या नळापासून.
पण त्याचा हात पूर्ण ताठ झाला,
मनगट कोपराच्या रेषेत आलं,
की त्याला कळेनासं होतं कुठून वळावं.
थरथरतो. थांबतो. लाल दिवा.
त्याचं गणित आहे, मॅट्रिक्सचं, तुला आवडेल.
मला मात्र पहिल्यांदा बघताना बाबा आठवले,
कंपनी बंद झाली त्या दिवशी, साहेबासमोर, हातात पेन.

आता आईचं.
आठवतात ना त्या रबरी रिंगा, गोणीभर,
वर्तमानपत्रावर ओतलेल्या, आणि आई ब्लेडनं
कडेचा जादा पापुद्रा कापत बसलेली,
हजाराला चाळीस रुपये,
डोळे टीव्हीवर, रिंगेकडे ढुंकूनही नाही.
गेल्या वर्षी तसलीच रिंग खोबणीत बसवायला
मी पिवळ्याला शिकवत होते. साडेतीन महिने.
घट्ट धरली की चेपायची, सैल धरली की निसटायची.
कॅमेरा बदलला, व्हॅक्यूम लावून पाहिला,
जर्मनीहून माणूस आला, वडापाव खाऊन गेला.
मग घरच्यांना कंपनी दाखवायचा दिवस.
आई तिरकं हेल्मेट घालून काचेपाशी उभी,
कितीतरी वेळ. म्हणाली,
"असं समोरून काय धरतोय? काठानं उचलायची,
जरा पीळ द्यायचा, आपणहून आत जाते ती."

मी बोटाची धार तिरकी केली, सात अंश.
पीळ दिला.
गेली.

रिपोर्टमध्ये आईचं नाव घालता आलं नाही,
तसा रकानाच नव्हता.
आणि हेही ऐकून ठेव: मागच्या महिन्यात साहेब म्हणाले,
पापुद्रा कापायचं यंत्र काढशील का?
मी कागद घेतला. एक रेघ मारली.
तो कागद अजून डब्याच्या पिशवीत आहे.
आईला सांगायचं धाडस होत नाही,
आणि सुचतंय मात्र रोज, कंपनीच्या बसमध्ये,
नाशिक फाट्याच्या सिग्नलला,
ब्लेड फिरवू की रिंग फिरवू,
हे सुचणं काही थांबत नाही.
या विद्येत हेच असतं रे,
शाखेचं नाव काहीही असो.

म्हणून पहिलं कुठलं ते मला विचारू नकोस.
खिडकीत एक रिंग पडलीय बघ, गोणीतून निसटलेली.
तळहातावर घे. दाब. सोड.
काही प्रश्न पडला तर भर फॉर्म.
नाही पडला तरी भर, बाराला बंद होतोय तो,
फक्त खालचे सात रकाने
असे मोकळे सोडू नकोस.