मागे घेताना

कच्चकन वाजलं तेव्हा मला वाटलं
बर्फाची लादी घसरली.
देवगड बंदर, पहाटे साडेपाच, लिलाव रंगात आलेला
आणि मागच्या चाकाशी कुबलांच्या इंदूचा पेडव्या,
एक तंगडी भलतीकडेच वळलेली.

इंदू किंचाळली नाही.
पाटी खाली ठेवली, म्हणाली,
"बाबल्या, गाडी फुडे घे. हळू."

लाद्यांवर गोणपाट, गोणपाटावर कुत्रा,
जामसंडे, तळेबाजार, शिरगाव,
दर गतिरोधकाला त्याचा एक हुंकार
आणि रस्ताभर आमच्यामागे पाण्याची रेघ.
कणकवलीला पोचलो तेव्हा
वेंगुर्ल्याच्या गिऱ्हाइकाचा निम्मा बर्फ वितळला होता.

परकार डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीवर धरला.
मांडीचं हाड. दोन तुकडे, वर एक कपची.
"इथे प्लास्टर बसत नाही," त्या म्हणाल्या,
"आतून सळई घालू. वर तारेचे दोन वेढे."
बारा हजार.
मी म्हटलं, देतो.
इंदू म्हणाली, अर्धे.
"कुत्रो माझो, चाक तुझा."
कनवटीच्या ओल्या नोटा तिने टेबलावर वाळत घातल्यासारख्या मांडल्या.

कंपाउंडर लग्नाला गेलेला,
म्हणून पाय मी धरला.
ड्रिल आमच्या गॅरेजातलंच वाटावं असं,
फक्त उकळलेल्या कापडात गुंडाळलेलं,
आणि आवाजही तोच, सागवानात शिरताना होतो तो.
हाड पांढरं असतं असं मी समजत होतो.
ते गुलाबी होतं, ओलं,
नुकत्याच सोललेल्या फणसाच्या आठळीसारखं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.
त्यावर एक गाय होती, चारी पाय शाबूत.

"सळई गंजणार नाही ना?"
बाई हसल्या. "हे स्टील नाही गंजत."

मला ते खरं वाटेना.
आमच्याकडे खारं वारं कशाला सोडतं?
टेम्पोचा पत्रा, शटरची कडी, बोटींचे नांगर,
आईच्या शिवणयंत्राची सुईसुद्धा.
सगळ्या बंदरावर न गंजणारी एकच वस्तू,
आणि ती आता
पेडव्याच्या मांडीत शिवून ठेवलेली.

आठ आठवडे इंदूने त्याला जाळ्यांच्या खोलीत कोंडला.
भिंतीपलीकडून लिलावाचा आकडा वाढला की
तो आतून भुंकायचा, एकेक पायरी वर.

आता येतो परत. लंगडतो थोडा,
थंडीत जरा जास्त.
परवा इंदूने मला चार बांगडे दिले,
पैसे मोजून घेतले.

माझ्याकडे "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा पोरगा आहे.
तरी मागे घेताना मी इंजिन बंद करतो,
खाली उतरतो, वाकून बघतो.
पेडव्या असतो
वीसेक पावलं लांब, खोक्यांच्या आडोशाला.
मी हाक मारतो, तो शेपूट हलवतो,
पण नजर माझ्यावर नसते.
चाकावर असते.