इतर हक्क

डेट्रॉइटची जुनी जमीन नदीला काटकोनात झोपलेली.
तीन आर्पां रुंद, चाळीस आर्पां लांब,
फ्रेंचांनी अशाच कापल्या पट्ट्या, सुपारी कातरावी तशा:
प्रत्येकीच्या तोंडाशी थोडी नदी,
मग घर, नासपतीची झाडं, गहू,
आणि शेपटाला जंगल, ज्याचं नाव
ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

आता आमच्या पट्टीवर पार्किंग आहे, गाद्यांचं बंद दुकान,
हायवेचा उतार. गिऱ्हाइकाला गोदाम बांधायचंय.
मी मालकीची साखळी तपासते. तासावर पैसे.
बाबा मोजणी खात्यात होते, सिन्नरला. त्यांची साखळी लोखंडाची,
उन्हात हात भाजायचे.
माझी स्क्रीनवर. एकेक कडी मागे.

२००९, बँक.
१९५८, रस्ते खातं, घरं पाडून.
१९२६, हॅटी पर्डम, खानावळवाली, हप्ते वेळेवर.
तेव्हा ह्या भागाला ब्लॅक बॉटम म्हणत,
फ्रेंचांपासूनच, मातीवरून.
आमच्याकडेही शेत ती काळी, वस्ती ती पांढरी.
इथे काळीत काळी माणसं राहायला आली
आणि माती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

१७३६, तुसें शोव्रो. जमीन त्याची, पण पुरती नाही.
सेंट मार्टिनच्या दिवशी इतके सू, गव्हाची चार मापं,
दोन कोंबडे, जिवंत.
दळण मालकाच्याच गिरणीत, चौदावा हिस्सा कापून.
विकायची तर बारावा भाग आधी त्याला.
आणि एक मेला हुजुरांच्या दारापुढे
सोललेला उंच खांब रोवायचा, शेंड्याला पाला राखून.
हसू आलं.
कोकणातल्या खोताला हे कळलं असतं
तर त्यानेही मागितला असता.

१७५१. तुसें वारला. सामानाची यादी:
नांगर, मोडका. काहील. पिसांची गादी.
तांबडी गाय, एकशिंगी, साठ लिव्र.
एक पानी, चारशे लिव्र.

मी टिपून ठेवलं: पाण्याचा हक्क? विहीर? पाटाची पाळी?
माझ्या कानाला दुसरं काय सुचणार.
मग रेकॉर्ड रूममधल्या क्लॉडेटला दाखवलं.
चष्मा कपाळावर सरकवत ती म्हणाली, छे, पाणी कसलं.
पकडून आणलेली इथलीच माणसं,
कुठल्या का जमातीची असेनात,
विकताना सगळ्यांना हा एकच शब्द.
खालची ओळ वाच.

वय अंदाजे बारा. मुलगी. देवीचे व्रण. कामाला चलाख.

नाव नाही.

सातबाऱ्यावर एक रकाना असतो, इतर हक्क:
कूळ, वहिवाटीची वाट, विहिरीतला चौथा हिस्सा,
कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं.
आमच्या फॉर्मवर फक्त बोजा.
मी लिहिलं, निरंक. सही केली. तीच खरी होती.

दुपारी डबा खाऊन पट्टी चालून आले.
नदीपासून शोव्रोच्या घराच्या खुणेपर्यंत
एकशे नव्वद पावलं, सगळा चढ.
बादली कोण आणायचं ते कागदात नाही.
अंतर आहे.