तास संपण्याआधी

तत्त्वज्ञानाला एकोणीस पोरं होती.
वीस लागतात. नाहीतर खोली क्रमांक नऊ
संगणकवाल्यांना जाईल, असं कागदावर आलं होतं.
आणि तिच्यासोबत मीही, तासिका तत्त्वावरची,
हे कागदावर नव्हतं.

विसावं नाव शोधत मी दोंडाईचा पालथं घातलं.
मिरची मार्केटात काट्यावरचा पोरगा म्हणाला,
नोकरी लागते का यानं?
मी म्हणाले, नाही.
तो शिंकला. मिरचीनं की माझ्या उत्तरानं, कळलं नाही.
पार्लरवाली गिरासे वहिनी म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की.

मग हिलाल आप्पा आले. कॉलेजचे शिपाई.
प्लास्टिकच्या पिशवीत घडी जपलेलं गुणपत्रक,
बारावी, एकोणनव्वद साल, दुसऱ्या खेपेला पास.
"लिखी ल्या मॅडम, मनं नाव."
ईशी हिलाल दगा.
तेवीस वर्षं ते नऊ नंबरच्या दाराशी स्टुलावर होते,
डोळा घड्याळावर. कान कुठं असतो
हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.
आम्हाला वाटायचं, डुलक्या घेतात.

पहिल्याच आठवड्यात काळ हा विषय निघाला.
मी फळ्यावर बरंच काही लिहिलं,
बाण काढले, बाणांना नावं दिली.
आप्पांनी हात वर केला.
"मी घंटा वाजाडस म्हनीसन तास सरस,
का तास सरस म्हनीसन मी वाजाडस?"
वर्ग हसला.
सेवंती पावरा हसली नाही, तिनं ते वहीत उतरवलं
आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.
मी खडू हातातल्या हातात फिरवत राहिले.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, निंबाला टांगलेला.
शेजारी खिळ्याला लोखंडी बोल्ट.
तिथवर जायला तीन मिनिटं, गुडघ्याची दोन.
म्हणून रोज, तास संपायला पाच कमी असताना,
आप्पा पेन्सिल कानावर ठेवायचे, वही मिटायचे,
बाकाचा आवाज न करता उठायचे.
त्यांच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाला
चार ओळी कोऱ्या.
दुपारी चहाच्या टपरीवर विचारायचे,
"आज शेवट काय व्हयना?"

काय होत होतं शेवटी?
हजेरी. फीची आठवण. उरलेलं उद्या पाहू.
बारा वर्षं मी शेवटाला काहीच सांगत नव्हते,
हे मला त्या टपरीवर समजलं,
कटिंग निवत असताना.
"काही विशेष नाही" असं म्हणाले
तर त्यांचा विश्वास बसेना.

फेब्रुवारीत पथारीवरून वारा आला,
आख्खी कला शाखा खोकत होती.
मी शिकवत होते: माणूस दुसऱ्याचं काय देणं लागतो.
बारा पंचेचाळीस झाले.
पेन्सिल कानावर गेली नाही.
बारा पन्नास.
कॉमर्सची पोरं दप्तरात हात घालून थांबली,
पदार्थविज्ञानाचे भामरे सर
व्हरांड्यात येऊन मनगट झटकू लागले.
आप्पा बसून.
मी बोलत राहिले, आणि एका वाक्याच्या मधोमध
पुढचा शब्द नव्हताच.
"मंग?" आप्पा म्हणाले.
कुणीतरी खोकलं. बाहेर खारीनं निंबोणीच्या काडीशी काहीतरी केलं.
मी म्हणाले, आप्पा, मला माहीत नाही.
त्यांनी मान हलवली, बरं वाटल्यासारखी,
आणि सावकाश चालत घंटेकडे गेले.
तो तास एक वाजून सात मिनिटांनी संपला.

मेमो निघाला.
कार्यालयातून तो पोचवायचं काम शिपायाचं,
म्हणून आप्पांनीच तो आणला,
स्वतःला दिला,
पोचवहीत सही घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची वही मागितली.
त्या तारखेच्या पानाखालीसुद्धा
चार ओळी कोऱ्याच.
आज तर तुम्ही शेवटपर्यंत होता की, मी म्हणाले.
त्यांनी वही माझ्या हातातून घेतली,
कोपरा दुमडला होता तो नखानं सरळ केला.
"ऱ्हावू द्या," म्हणाले,
आणि घड्याळाकडे पाहिलं.