मोजा

मस्कतला, मत्राच्या मासळीबाजारामागे
माझं शिलाईचं दुकान.
एसी गळतो, त्याखाली तुपाचा रिकामा डबा.

शमसाबाई पहिल्यांदा आल्या,
काउंटरवर एकेक कापड ठेवत म्हणाल्या, ‘मोजा.’
मी टेप घेऊन उभाच राहिलो.
कुडाळ सोडल्यापासून
मला कुणी अहोजाहो केलं नव्हतं.

‘म्बिली,’ त्या पुढे म्हणाल्या, ‘ताटू.’

स्वाहिलीत मोजा म्हणजे एक.
जन्म झांझिबारचा, सतराव्या वर्षी इकडे.
‘खरी कुठली तू?’ असं वाण्याकडे कुणी विचारलं
तर त्या फक्त सुटे पैसे मागून घेतात.

आज ईदची आदली रात्र.
दिशदाशे बारा हवेत.
दादकरीमने बलुचीत मोजले, अकरा.
वेलजीशेठ, चार पिढ्या इथलेच,
गल्ला बंद करून आले,
कच्छीत मोजून म्हणाले, तेरा.
मी मनातल्या मनात मराठीत मोजले,
माझे साडेअकरा;
एकाला बाहीच नव्हती.

शमसाबाईंनी चष्मा पुसला,
ढीग स्वतःकडे ओढला.
‘मोजा,’ म्हणाल्या,
आणि आम्ही तिघेही
पुन्हा पहिल्यापासून.